फेसामागचा टक्का

सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आपण किती वेळा फेस पाहतो, याचा कधी हिशेब केलाय का तुम्ही? दात घासताना तोंडात फेस, न्हाताना डोक्यावर शाम्पूचा फेस, मोरीत भांड्यांच्या लिक्विडचा फेस आणि बादलीत कपड्यांच्या पावडरचा फेस. डबे वेगळे, वास वेगळे, किमती वेगळ्या. पण या सगळ्यांच्या पोटातलं मुख्य द्रव्य एकाच कुळातलं असतं. शास्त्राच्या भाषेत त्याला पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतात. बाजारात आम्ही इंग्रजीवरून सरळ सर्फॅक्टंट म्हणतो.

हा माल मी नाशिकमधल्या लहान-मध्यम उत्पादकांना पुरवतो. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत धुण्याची पावडर, भांड्यांचं लिक्विड, हॉटेलांसाठी हँडवॉश, शाम्पू असं काहीबाही तयार करणारे लोक माझे ग्राहक. तुमच्या घरातल्या कुठल्याही बाटलीवर आमचं नाव नसतं. आमचा धंदा पडद्यामागचा. पण बाटलीत खरोखर किती दम आहे, हे बऱ्याच अंशी या पडद्यामागेच ठरतं. म्हणून आज या न दिसणाऱ्या मालाविषयी बोलायचं आहे.

आधी हे द्रव्य करतं काय ते पाहू. अळवावरचं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो, पान ओलं होत नाही. याचं एक कारण पानाचा मेणचट पृष्ठभाग आणि दुसरं कारण पाण्याचा पृष्ठीय ताण. पाण्याचे कण एकमेकांना धरून राहतात, पसरायला तयार नसतात. त्याच पाण्यात चिमूटभर साबण विरघळवा आणि पुन्हा थेंब टाका. मोती बसतो आणि पाणी पसरायला लागतं.

सर्फॅक्टंटचा एकेक रेणू म्हणजे डोकं आणि शेपटी असलेला एक सूक्ष्म जीवच समजा. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. मळका सदरा पाण्यात बुडवला की शेपट्या तेलकट मळात घुसतात, डोकी पाण्याकडे राहतात. असे असंख्य रेणू मळाच्या कणाला चहूबाजूंनी घेरतात, त्याला कापडावरून उचलतात आणि पाण्यात तरंगत ठेवतात. खळबळलं की मळ पाण्याबरोबर निघून जातो. आपल्या आज्या रिठा आणि शिकेकाई वापरायच्या, त्यांतही सॅपोनिन नावाचं निसर्गानं केलेलं सर्फॅक्टंटच आहे.

आपल्या नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. द्राक्षाच्या मण्यावर मेणासारखी लव असते, त्यावर औषधाचं पाणी टिकत नाही. म्हणून फवारणीच्या टाकीत ते थोडं ‘स्टिकर’ घालतात. हे स्टिकर म्हणजे बहुधा सर्फॅक्टंटच असतं. दिंडोरीच्या बागेत आणि तुमच्या मोरीत चालणारं काम मुळात एकच.

मग प्रश्न येतो, साबण असताना या नव्या द्रव्यांची गरज का पडली? एक कारण पाण्यात आहे. आपला भाग काळ्या कातळाचा. अनेक विहिरी आणि बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात, घरात आपण जड पाणी म्हणतो. अशा पाण्यात साबणाचा चोथा होतो, बादलीच्या कडेला पांढरट थर बसतो आणि अर्धा साबण मळाशी लढण्याआधीच खर्ची पडतो. दुसरं कारण तेलाचं. साबणाला तेल किंवा चरबी लागते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत त्यांची टंचाई झाली तेव्हा तिथल्या रसायनतज्ज्ञांनी तेलाशिवाय चालणारी धुण्याची द्रव्यं शोधायला सुरुवात केली. पुढे खनिज तेलापासून ती स्वस्तात होऊ लागली.

भारतात ‘सर्फ’ आली १९५९ साली. पण ती शहरातल्या सुखवस्तू घरांत राहिली. खरी उलथापालथ झाली १९६९ नंतर. अहमदाबादला सरकारी खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणाऱ्या करसनभाई पटेलांनी घरामागे पिवळी पावडर बनवली, मुलीच्या नावावरून तिचं नाव ‘निरमा’ ठेवलं आणि सायकलवरून दारोदार विकली. सर्फ किलोला तेरा रुपयांच्या आसपास असताना ही साडेतीन रुपयांना मिळायची. अशीच गोष्ट शाम्पूची. १९८३ साली तमिळनाडूत सी. के. रंगनाथन यांनी १५ हजार रुपयांच्या भांडवलावर ‘चिक’ शाम्पूचा धंदा सुरू केला आणि छोट्या पुडीतून शाम्पू खेडोपाडी नेला. गरीब घरात पावडर आणि शाम्पू गेला तो असा. आणि त्याबरोबर गावोगाव छोटे उत्पादक उभे राहिले. त्यांना माल पुरवणारे आम्हीही त्यातूनच आलो.

आता हा माल येतो कुठून? दोन मुख्य वाटा आहेत.

पहिली वाट केरोसिनची. केरोसिनमधल्या सरळ साखळीच्या घटकांना बेंझीनची जोड दिली की लिनियर अल्किल बेंझीन, म्हणजे ‘लॅब’ तयार होतं. आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा लॅबचा कारखाना आहे. या लॅबवर गंधकाच्या वायूची प्रक्रिया केली की गडद तपकिरी, काकवीसारखं दाट आम्ल मिळतं. बाजारात त्याला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात. एक किलो लॅबपासून सव्वा किलोपेक्षा जास्त स्लरी होते. धुण्याच्या पावडरचा जीव म्हणजे ही स्लरी.

दुसरी वाट नारळ आणि ताडाची. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं आणि त्याची बारा कार्बनची शेपटी फेसाला फार चांगली. पण खोबरेल शाम्पूत घालायला परवडत नाही. म्हणून तेच गुण असलेलं पाम-कर्नेल तेल इंडोनेशिया-मलेशियाकडून येतं. त्यापासून फॅटी अल्कोहोल, त्याला इथिलिन ऑक्साइडची जोड, मग गंधकाची प्रक्रिया आणि शेवटी कॉस्टिक सोड्यानं आम्लपणा मारला की ‘एसएलईएस’ तयार. तुमच्या शाम्पूत आणि हँडवॉशमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. गंमत म्हणजे यात उसाचाही वाटा असू शकतो. उत्तराखंडात काशीपूरला मळीच्या अल्कोहोलपासून इथिलिन ऑक्साइड बनवलं जातं.

म्हणजे अंबडच्या गाळ्यातली बाई हँडवॉश बनवते तेव्हा तिचा भाव आखातातल्या कच्च्या तेलावर आणि सुमात्रातल्या ताडाच्या बागांवर अवलंबून असतो. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात तीन-साडेतीन आठवडे थांबवली, तेव्हा माझ्याकडच्या लहान ग्राहकांचे फोन दिवसभर सुरू होते. ‘भाऊ, जुन्या भावात दोन ड्रम तरी द्या.’ इंडोनेशिया नकाशावर कुठे आहे हे त्यांतल्या काहींना तेव्हाच कळलं.

कुणी विचारेल, मग उत्पादक हे द्रव्य स्वतःच का बनवत नाहीत? कारण ते घरगुती काम नाही. गंधक जाळायचा, त्या वायूचं उत्प्रेरकावर दुसऱ्या वायूत रूपांतर करायचं, हवा अगदी कोरडी ठेवायची आणि नळ्यांच्या आतून ओघळणाऱ्या पातळ थरावर तो वायू सोडायचा. उष्णता जरा जास्त झाली की माल काळा पडतो. असा कारखाना अहोरात्र चालला तरच परवडतो.

या परावलंबनाला आपल्याकडे दोन मोठी उत्तरं मिळाली. एक उत्तर करसनभाईंचं. त्यांनी पुढे बडोद्याजवळ अलिंद्र्याला स्वतःचं लॅब आणि भावनगरकडे स्वतःचा सोडा बनवायला घेतला. म्हणजे पुरवठादारच नको. दुसरं उत्तर मुंबईचं. १९८० साली उन्नथन शेखर, शशिकांत शानभाग आणि त्यांच्या मित्रांनी, एकूण पाच जणांनी, ‘गॅलेक्सी’ सुरू केली. त्यांनी स्वतःचा साबण किंवा शाम्पू बाजारात आणण्याऐवजी दुसऱ्यांच्या साबण-शाम्पूला लागणारा माल बनवायचं ठरवलं. आज गॅलेक्सी सर्फॅक्टंट्सचं मुख्यालय नवी मुंबईत आहे. तारापूर, तळोजा, गुजरातेत झगडिया आणि थेट इजिप्तमध्ये सुएझला कारखाने आहेत. २०१८ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. बहुराष्ट्रीय कंपन्या तिच्याकडून माल घेतात, पण सामान्य माणसानं तिचं नाव क्वचितच ऐकलेलं असतं. पुरवठादार असण्यातही मोठेपण असू शकतं, हे या कंपनीनं दाखवलं.

नाशिकच्या लहान उत्पादकाला मात्र यांतलं एकही उत्तर उपलब्ध नाही. त्याला कारखाना काढता येत नाही आणि मोठ्या कंपनीकडून टँकरभर माल घेण्याइतकं भांडवल त्याच्याकडे नसतं. तो एक-दोन ड्रम घेतो, तेही तीस-पंचेचाळीस दिवसांच्या उधारीवर. त्याच्या हातात असतो तो पुरवठादारावरचा भरवसा. आणि या धंद्यातली खरी गोम इथेच आहे.

आमच्या मालाची किंमत ड्रमच्या वजनावर ठरत नाही, ठरायला नको. ती ठरते ‘ॲक्टिव्ह’वर. म्हणजे शंभर किलो मालात प्रत्यक्ष मळ काढणारं द्रव्य किती, या टक्क्यावर. आधुनिक पद्धतीनं बनवलेल्या स्लरीत हे प्रमाण ९६ टक्क्यांच्या आसपास असतं. जुन्या ओलियम पद्धतीच्या स्लरीत ते बरंच कमी असतं, त्यात मोकळं गंधकाम्ल जास्त असतं. एसएलईएस दोन प्रकारांत येतं, २८ टक्के आणि ७० टक्के. २८ टक्क्यांचा माल म्हणजे शंभर किलोत सत्तरएक किलो पाणी, ते कसारा घाटातून ट्रकनं चढवून नाशिकला आणायचं. म्हणून दूरच्या ग्राहकाला ७० टक्क्यांची पेस्ट स्वस्त पडते. पण तिची नाटकं वेगळी. पेस्टवर पाणी ओतलं की मधल्याच टप्प्यावर तिची चिकट जेली होते, ढवळणारी काठी उभी राहते. म्हणून पाण्यात पेस्ट थोडी थोडी सोडायची आणि सावकाश ढवळत राहायचं. निफाडच्या थंडीच्या बातम्या पेपरात यायला लागल्या की आमच्या ड्रममधली पेस्टही आखडते, बाहेर यायला तयार होत नाही.

तर हा टक्का डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. दिसतो तो फेस, जाणवतो तो घट्टपणा आणि येतो तो वास. या तिन्ही गोष्टी फसव्या आहेत.

फेस अगदी थोड्या द्रव्यातही भरपूर येऊ शकतो. उलट पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनसाठीच्या चांगल्या पावडरीत फेस मुद्दाम दाबलेला असतो, कारण तिथे फेस कामात अडथळा आणतो. घट्टपणाचं रहस्य तर आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे, ते म्हणजे मीठ. एसएलईएसच्या पातळ द्रावणात मीठ घातलं की ते दाट होत जातं. एका मर्यादेपर्यंतच हं, त्यापुढे आणखी मीठ पडलं की पुन्हा पाण्यासारखं पातळ होतं. म्हणजे बाटली उलटी केल्यावर लिक्विड संथपणे ओघळलं, याचा अर्थ त्यात माल जास्त आहे असा नव्हे. मिठाचा हिशेब बरोबर जमला इतकाच. आणि लिंबाचा किंवा गुलाबाचा वास मळाला हात लावत नाही.

पावडरचंही तेच. शंभर किलो स्लरीचा आम्लपणा मारायला रसायनशास्त्राच्या हिशेबानं १६-१७ किलो धुण्याचा सोडा पुरतो. कोरडं मिश्रण करताना थोडा जास्त लागतो आणि सोडा जड पाणी मऊ करायलाही उपयोगी पडतो. पण स्लरी महाग आणि सोडा, मीठ, डोलोमाइटची भुकटी स्वस्त. मग स्लरी कमी करायची आणि सोडा वाढवायचा हा मोह होतो. सोड्यानं मळ थोडाफार निघतो, पण हातांची सालपटंही निघतात. दिवसाला चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बोटांना भेगा पडतात, तेव्हा ती म्हणते, ‘पावडर लई कडक आहे.’ तिला वाटतं कडक म्हणजे दमदार. बऱ्याचदा त्याचा अर्थ उलटा असतो.

ही फसवणूक पुरवठादारापासूनही सुरू होऊ शकते. काही वर्षांपूर्वी अंबडचा माझा एक ग्राहक तक्रार घेऊन आला. दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून त्यानं किलोमागे थोडी स्वस्त स्लरी घेतली होती. नेहमीच्याच कृतीनं बनवलेली त्याची पावडर दुकानांतून परत यायला लागली. तपासून घेतलं तर स्लरीत ॲक्टिव्ह चांगलंच कमी भरलं. किलोमागे वाचलेल्या रुपयांपायी त्याची दोन वर्षं बसवलेली गिऱ्हाइकं गेली. मोठ्या कंपनीच्या फाटकावर प्रयोगशाळा असते, नापास टँकर ती परत पाठवते. लहान माणसाकडे प्रयोगशाळा नसते, त्याचा निकाल थेट बाजारात लागतो.

मग तपासायचं कसं? मार्ग आहेत आणि ते फार अवघड नाहीत. पावडर अल्कोहोलमध्ये घालून गरम केली की सर्फॅक्टंट विरघळतं. सोडा आणि भुकटी जवळजवळ तशीच खाली राहते. गाळून अल्कोहोल उडवलं की उरलेल्या वजनावरून अंदाज येतो. हे घरी करायला जाऊ नका, अल्कोहोल पेट घेतं. आणखी नेमकी पद्धत मेथिलिन ब्लू या रंगाची. एका बाटलीत पाणी आणि क्लोरोफॉर्म असे दोन थर, त्यात नमुना आणि निळा रंग. सर्फॅक्टंट आहे तोवर निळा रंग खालच्या क्लोरोफॉर्मच्या थरात बसतो. विरुद्ध प्रकारचं द्रावण थेंब थेंब सोडत हलवत गेलं की रंग वरच्या पाण्यात चढायला लागतो. किती द्रावण लागलं यावरून टक्का कळतो. आमच्याकडचा प्रत्येक लॉट अशा तपासणीच्या कागदासह जातो. नवख्या ग्राहकाला मी सांगतो, ‘बिल नंतर बघा, आधी हा कागद बघा. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका, सहा महिन्यांतून एकदा बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना द्या.’

अलीकडे बचत गटांतल्या बायका या धंद्यात मोठ्या संख्येनं येताहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना दोन गोष्टी कळकळीनं सांगाव्याशा वाटतात. स्लरी हे तीव्र आम्ल आहे. सोड्यात मिसळताना ती तापते, वायू सुटतो, उतू जाते. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच, भांडं प्लास्टिकचं हवं आणि लेकरं लांब हवीत. दुसरी गोष्ट हिशेबाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पूवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहकाला बरं झालं. पण शाम्पूसाठी लागणाऱ्या सर्फॅक्टंटवर १८ टक्केच भरावे लागतात. जास्तीच्या कराचा परतावा मिळतो, पण तो हाती येईपर्यंत पैसे अडकतात. नोंदणी केलेल्या लहान उत्पादकानं हे धरूनच भांडवल मोजावं.

आणि शेवटी हे सगळं पाणी जातं कुठे? आपल्याकडे गोदावरीला. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले होते. तेव्हाच्या सर्फॅक्टंटच्या शेपटीला फांद्या होत्या, जिवाणूंना ती पचत नव्हती. जर्मनीनं १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ पर्यंत सरळ शेपटीचं द्रव्य स्वीकारलं. लॅबमधला ‘लिनियर’ हा शब्द तिथून आला आहे. सरळ शेपटी जिवाणू पचवतात, पण त्यांना हवा आणि वेळ मिळाला पाहिजे. सांडपाणी शुद्ध न होताच नदीत गेलं तर सरळ शेपटीही कामाची नाही. आणि कमी ॲक्टिव्हची पावडर ग्राहक मूठभर जास्त टाकतो, तेव्हा तेवढा सोडा, मीठ आणि भुकटीही नदीच्याच वाट्याला येते.

धुण्याच्या पावडरसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ४९५५ हे मानक आहे. प्रतीनुसार किमान ॲक्टिव्ह किती असावं, हे त्यात ठरवून दिलेलं आहे. तरीही अनेक पुड्यांवर तो आकडा छापलेला नसतो. दुधाच्या पिशवीवर स्निग्धांश लिहिलेला असतो, खताच्या गोणीवर नत्र-स्फुरद-पालाश लिहिलेलं असतं आणि शेतकरी ते वाचूनच गोणी उचलतो. मग पावडरच्या पुडीवर मळ काढणाऱ्या द्रव्याचा टक्का का नसावा? लहान उत्पादकानं तो आपणहून छापला, तर जाहिरातीवर पैसा न घालवता मोठ्यांसमोर उभं राहण्याचं तेच त्याचं साधन ठरेल. माझ्या तीन ग्राहकांनी तो छापायला सुरुवात केली आहे. पुढच्या वेळी दुकानात गेलात की पुडी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. टक्का दिसला नाही तर दुकानदाराला विचारा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)